एसीएलच्या ऑपरेशननंतर चढाईपटूने मॅटवर कधी आणि कसं परतायचं?

प्रश्न थोडक्यात असा: वय २२, कबड्डीतला चढाईपटू, घर लोअर परळच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर, संडास सामायिक, नोकरी अंधेरीला. मध्यरेषेकडे वळताना उजवा गुडघा सटकला, आतून ‘कट’ असा आवाज आला आणि दोन तासांत गुडघा टम्म फुगला. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला हाडं बांधून ठेवणारा लिगामेंट, पूर्ण तुटलेला आणि आतल्या बाजूची गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटलेली. ऑपरेशन तीन आठवड्यांनी. मंडळातले म्हणतात सहा महिन्यांत खेळशील. फिजिओ आठवड्यातून दोनदाच परवडतो. तर कधी खेळता येईल आणि तोवर काय काय करायचं?

सहा महिन्यांचा हिशेब आधी डोक्यातून काढा. नऊ महिन्यांच्या आत सामना नाही, आणि नऊ महिने भरले की आपोआप परवानगी मिळते असंही नाही. गुडघा पूर्ण सरळ होतोय का, आत पाणी उरलंय का आणि मांडीत ताकद किती आली, या तीन गोष्टींवर पुढचा प्रत्येक टप्पा ठरतो. कॅलेंडर फक्त ‘याच्या आधी नको’ एवढंच सांगतं. खालच्या कुठल्याही गोष्टीत तुमच्या सर्जनने वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका, कारण गुडघ्याच्या आत नेमकं काय केलं हे त्यांनाच माहीत असणार.

ऑपरेशन लागतंच का, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण घरचे विचारतील. एसीएल तुटलेल्या प्रत्येकाला लागत नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुणांवर झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात ज्यांनी आधी व्यायामाचा मार्ग धरला, त्यांच्यातल्या जवळपास निम्म्यांना पाच वर्षांनंतरही ऑपरेशन करावं लागलं नव्हतं. पण सरळ रेषेत चालणं, सायकल, पोहणं वेगळं आणि पकडीतून पाय सोडवत वळणं वेगळं. एसीएलचं काम नडगीचं हाड पुढे सरकू न देणं आणि गुडघा पिळवटू न देणं. कबड्डीत नेमकं तेच होतं. शिवाय गादी फाटलेली आहे. गुडघा पुन्हा पुन्हा सटकत राहिला तर ती आणखी फाटेल. तुमच्या बाबतीत ऑपरेशनचा निर्णय बरोबर वाटतो.

ऑपरेशनच्या आधीचे तीन आठवडे

हे तीन आठवडे फुकट घालवू नका. सुजलेला, अर्धवट वाकलेला गुडघा तसाच टेबलावर गेला तर नंतर तो आखडण्याची शक्यता वाढते. लक्ष्य साधं आहे: गुडघा दुसऱ्याइतका सरळ, सूज जवळपास गेलेली, पाय सरळ ठेवून उचलता येतोय, चालताना लंगडत नाही. सायकल, अर्धे स्क्वाट, मांडी आवळण्याचा व्यायाम, सगळं आत्ताच सुरू करा. अपवाद एकच. गुडघा एका ठिकाणी अडकलाय आणि काही केल्या सरळ होत नाही, असं असेल तर गादीचा तुकडा मध्ये अडकलेला असू शकतो. मग तीन आठवडे थांबू नका, सर्जनना लगेच फोन करा.

याच काळात चांगल्या पायाची ताकद मोजून घ्या. व्यायामशाळेतल्या लेग एक्स्टेन्शन मशीनवर (बसून गुडघा सरळ करत वजन उचलायचं ते) डाव्या पायाने जास्तीत जास्त किती वजन नीट उचलता येतं ते लिहून ठेवा. सहा-सात महिन्यांनी ‘उजवा पाय डाव्याच्या नव्वद टक्के झाला’ असं कुणी सांगेल, तेव्हा तो डावाही बसून बसून कमजोर झालेला असतो. तुलना आजच्या डाव्याशी करायची.

सर्जनना विचारायचे प्रश्न दोनच, पण नेमके. पहिला, गादी टाके घालून शिवणार की फाटका तुकडा काढून टाकणार? कधी कधी हे दुर्बीण आत गेल्यावरच ठरतं, म्हणून ऑपरेशननंतर पुन्हा विचारा. तुकडा काढला तर दुसऱ्या दिवसापासून सोसेल तेवढं वजन देता येतं. शिवली असेल तर साधारण चार ते सहा आठवडे वजन कमी, गुडघा ९० अंशांच्या पुढे वाकवायचा नाही, आणि उकिडवं बसणं किमान चार महिने बंद. दोन्ही प्रकारांना ‘एसीएलचं ऑपरेशन’च म्हणतात, पण पहिल्या दीड महिन्याचे नियम पूर्ण वेगळे. मंडळातला मित्र दहाव्या दिवशी कुबडीशिवाय चालत होता म्हणून तुम्हीही चालायचं नाही, ते यासाठी.

दुसरा प्रश्न, नवा लिगामेंट कुठून घेणार? मांडीच्या मागच्या हॅमस्ट्रिंग स्नायूच्या शिरा, म्हणजे टेंडन (रक्तवाहिन्या नव्हे), बऱ्याचदा वापरतात; अशा काढून बसवलेल्या तुकड्याला ग्राफ्ट म्हणतात. चार-पाच पदरी करून जाडी ८ मिलिमीटर किंवा जास्त मिळाली तर बरी. वाटीखालच्या पट्ट्याचा ग्राफ्ट तरुण खेळाडूंत किंचित कमी तुटतो, पण गुडघ्यावर टेकताना पुढे दुखतं, आणि कबड्डीत गुडघ्यावर आपटणं रोजचंच. दोन्हींना बाजू आहेत. ज्या सर्जनचा हात ज्या पद्धतीवर बसलाय तीच बहुधा चांगली. मात्र हॅमस्ट्रिंग वापरणार असतील तर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने जादा पट्टी बसवण्याची गरज आहे का, हे जरूर विचारा. १४ ते २५ वयाच्या वळण्या-उड्यांच्या खेळाडूंवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ही पट्टी घातल्यावर ग्राफ्ट तुटण्याचं प्रमाण दोन वर्षांत ११ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आलेलं दिसलं. तुम्ही त्याच गटात बसता.

पैशांचं थोडक्यात. बटण, स्क्रू वगैरे इम्प्लांटचे पैसे पॅकेजमध्ये धरलेत की वेगळे, हे आधी लेखी घ्या, आणि त्यांचे स्टिकर डिस्चार्जच्या कागदांवर चिकटवून घ्या. मेडिक्लेम असेल तर डिस्चार्जनंतर किती दिवसांचा खर्च धरतात ते पॉलिसीत पाहा. फिजिओची बिलं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह जपली तर काही पॉलिसींत परत मिळतात. केईएम, नायर, सायन, कूपर या महापालिकेच्या रुग्णालयांत अस्थिरोग विभागही आहे आणि फिजिओथेरपीही. खासगी परवडत नसेल तर तिथे जायला अजिबात कचरू नका, फक्त तारखेसाठी आणि रांगेसाठी वेळ धरा.

पहिले दोन आठवडे

इथे सगळ्यात जास्त बिघडतं, आणि बिघडतं ते काळजीपोटी. आई गुडघ्याखाली मऊ उशी सरकवते, बरं वाटतं, आणि गुडघा तसाच किंचित वाकलेला राहतो. उशी गुडघ्याखाली कधीच नाही. टॉवेलची घट्ट गुंडाळी टाचेखाली ठेवा, गुडघा खालून मोकळा आणि लटकता ठेवा. दहा मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा. ताण येईल, मागे ओढल्यासारखं होईल. ते व्हायलाच हवं. वाकवणं मागाहून जमतं, पण सरळ करणं पहिल्या महिन्यात गमावलं तर परत मिळवायला फार झगडावं लागतं. पाच अंशही कमी राहिला तरी लंगडत चालाल, वाटीवर ताण येईल आणि मांडीचा पुढचा स्नायू उठणारच नाही.

तपासायचं कसं? टाके निघाल्यावर आणि जखम भरल्यावर पलंगावर पालथे झोपा, मांड्या गादीवर आणि गुडघ्यापासून खालचे पाय कडेबाहेर. दोन्ही टाचा सैल सोडा. कुणालातरी मागून बघायला सांगा, उजवी टाच डावीपेक्षा किती वर राहते. दर सेंटिमीटरला साधारण एक अंश धरा. दोन सेंटिमीटरचा फरक म्हणजे काम बाकी आहे. पाच सेंटिमीटर आणि तीन आठवडे उलटलेले असतील तर सर्जनना दाखवायची वेळ झाली.

दुसरं काम मांडी जागी करण्याचं. ऑपरेशननंतर गुडघ्यात पाणी असेपर्यंत मांडीच्या पुढच्या स्नायूला मेंदूकडून आदेशच नीट पोचत नाही; इच्छाशक्ती कमी पडते असा त्याचा अर्थ नाही. पाय सरळ, वाटीच्या वरच्या कडेवर बोट ठेवा, गुडघा खाली अंथरुणात दाबा. वाटी बोटाखालून मांडीकडे सरकली पाहिजे. पाच सेकंद धरा, सोडा. दहा वेळा, जागेपणी दर तासाला. वाटी हलतच नसेल तर आधी डाव्या पायाने करून ती जाणीव पकडा, मग दोन्ही पाय एकदम. आठवड्यानंतरही जमत नसेल तर फिजिओकडे स्नायू उठवणारं करंटचं मशीन मागा. त्याचा उपयोग होतो, पण त्या करंटबरोबर तुम्ही स्वतः मांडी आवळली तरच. नुसतं पडून घेतलेला करंट म्हणजे गुदगुल्या.

पाय सरळ उचलताना गुडघा खाली लोंबला तर ब्रेस (गुडघा सरळ धरणारा पट्टा) काढायची वेळ अजून आली नाही. तो न लोंबता दहा-पंधरा वेळा उचलता आला आणि सर्जनने हो म्हटलं, की घरात ब्रेस सोडता येतो.

बर्फ १५ ते २० मिनिटं, पिशवी ओल्या फडक्यात गुंडाळून, दर दोन-तीन तासांनी. थेट कातडीवर ठेवू नका. ग्राफ्ट काढलेल्या जागेजवळ कातडी बधिर असते, भाजल्यासारखं झालं तरी कळत नाही. छेदाच्या बाहेरच्या बाजूचा हा बधिरपणा नेहमीचा आहे, तिथली बारीक नस कापली जाते म्हणून. हळूहळू कमी होतो, कधी थोडा राहतो. घाबरायचं कारण नाही.

घाबरायचं ते यांना: पोटरी एकाच जागी दुखते, कडक आणि गरम लागते, धाप लागते किंवा छातीत कळ येते, ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर. टाक्यांतून पाणी किंवा पू. पाचव्या-सहाव्या दिवशी दुखणं कमी होण्याऐवजी एकदम वाढतं. पोटरीतली गुठळी आणि सांध्यातला संसर्ग या दोन्हींत ‘उद्या बघू’ चालत नाही. धाप किंवा छातीत कळ असेल तर ओपीडीची वाट न पाहता थेट इमर्जन्सीत जा. आणि दुखऱ्या पोटरीला तेल लावून चोळायचं तर मुळीच नाही; मालिशवाला कितीही जुना आणि नावाजलेला असो.

टाके साधारण १२ ते १४ दिवसांनी निघतात. मुंबईच्या दमटपणात ड्रेसिंगखाली घाम साचतो, म्हणून खोलीत पंखा सुरू ठेवा आणि पट्टी ओली झाली तर बदलून घ्या. तोवर अंघोळ स्टुलावर बसून, पाय प्लॅस्टिकच्या पिशवीत. तंबाखू, गुटखा, सिगरेट पूर्ण बंद. जखमही उशिरा भरते आणि ग्राफ्टही उशिरा धरतो.

चाळीतल्या अडचणी ऑपरेशनच्या आधीच सोडवून ठेवा. सामायिक संडास भारतीय पद्धतीचा असेल तर तिथे बसणं कित्येक आठवडे शक्य नाही. कमोडची खुर्ची लागेल, भांड्यासकट घरात वापरायची किंवा संडासावर ठेवायची. कुबड्या, वॉकर, कमोड खुर्ची विकत घेऊ नका. रुग्णसाहित्य केंद्रं अनामत घेऊन नाममात्र भाड्याने देतात. विभागातल्या ट्रस्टकडे किंवा मंडळाकडे चौकशी करा. कुबडीचा वरचा भाग काखेत रुतता कामा नये, मध्ये दोन-तीन बोटं जागा हवी, भार तळहातावर. काखेत भार दिला तर हाताला मुंग्या येतात, नस दबते.

जिन्यावर चढताना आधी चांगला पाय, मग ऑपरेशनचा, मग कुबडी. उतरताना उलट: कुबडी, ऑपरेशनचा पाय, मग चांगला. एका बाजूला कठडा असेल तर एक हात कठड्यावर, दोन्ही कुबड्या दुसऱ्या हातात किंवा एक कुणाकडे तरी. सोबतचा माणूस नेहमी तुमच्यापेक्षा एक-दोन पायऱ्या खाली असावा, चढतानाही आणि उतरतानाही. पावसात जुन्या लाकडी जिन्याची पायरी आणि कुबडीचं झिजलेलं रबर ही जोडी भयंकर आहे; रबर नवं बसवून घ्या. तिसऱ्या मजल्यावरून दिवसाला एकापेक्षा जास्त फेऱ्या पहिल्या दोन आठवड्यांत नकोत. शक्य असेल तर महिनाभर तळमजल्यावरच्या नातेवाइकांकडे राहा, लाज वाटून घेऊ नका.

दोन आठवडे ते तीन महिने

वाकवण्याचा अंदाज असा: दोन आठवड्यांपर्यंत ९० अंश, सहा आठवड्यांपर्यंत १२० च्या आसपास, तीन महिन्यांपर्यंत जवळपास पूर्ण. गादी शिवली असेल तर हे मागे सरकतं. १०० ते ११० अंश झाले की स्थिर सायकल सुरू करता येते, सीट उंच ठेवून.

लोकलचा प्रवास सहा आठवड्यांच्या आत नकोच. लोअर परळला तसंही धीमी लोकलच थांबते, तर गर्दीची वेळ टाळून धीमीनेच जा. पायदान आणि फलाटामधलं अंतर हा तुमचा खरा शत्रू. उतरताना चांगला पाय फलाटावर आधी उडी मारत टाकायची सवय असेल ती मोडा. चालायला गरज उरली नसली तरी गर्दीत ब्रेस पँटच्या वरून बांधा आणि एक कुबडी हातात ठेवा. गुडघ्याला त्याने फारसा आधार मिळत नाही, पण लोक जागा देतात, मागून ढकलत नाहीत. उजवा पाय असल्याने गाडी चालवणं चार ते सहा आठवड्यांनंतर, ब्रेक जोरात दाबून न दुखता जमतो का हे उभ्या गाडीत पाहून. किक मारायची बाइक त्याहून उशिरा.

हॅमस्ट्रिंगचा ग्राफ्ट असेल तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बूट घालायला वाकताना मांडीमागे अचानक ‘टच्’ होऊन कळ येऊ शकते, नंतर जांभळंही पडतं. ग्राफ्ट तुटला म्हणून घाबरतात. बहुतेक वेळा शिरा काढलेल्या जागी भरत आलेला भाग ताणला गेलेला असतो. सर्जनना दाखवून घ्या. हा ताण टाळायचा असेल तर मांडीमागच्या स्नायूचे जोराचे व्यायाम सहा ते आठ आठवड्यांपर्यंत करायचे नाहीत आणि पाय ताठ ठेवून खाली वाकायचं नाही.

ताकदीसाठी स्क्वाट, लेग प्रेस, पायरीवरून एका पायाने हळू उतरणं, टाचा उचलणं. चाळीचा जिना इथे कामाला येतो: १५ ते २० सेंटिमीटरची पायरी, उजवा पाय वर, डावी टाच हळू खाली टेकवून परत. समोर आरसा किंवा मोबाइल ठेवा. गुडघा आतल्या बाजूला झुकत असेल तर पायरी कमी उंचीची घ्या. तोच झुकाव पुढे मॅटवर लिगामेंट तोडतो. प्रत्येक व्यायाम ८ ते १२ वेळा, तीन फेऱ्या, आणि वजन एवढं की शेवटच्या दोन वेळा खरंच जड जाव्यात. बारा वेळा करून गप्पा मारता येत असतील तर तो व्यायाम ताकदीचा राहिलेला नाही.

लेग एक्स्टेन्शन मशीनची भीती अजून बऱ्याच जणांच्या मनात आहे. चार-सहा आठवड्यांनंतर ९० ते ४५ अंशांच्या मर्यादेत हलक्या वजनाने सुरू करून हळूहळू मर्यादा वाढवत नेणं बहुतेक गुडघ्यांना झेपतं. सर्जनला विचारून करा, पण करा. नुसत्या स्क्वाटमध्ये शरीर चोरून भार कमरेवर आणि चांगल्या पायावर टाकतं, मांडी तशीच बारीक राहते. फिजिओ आठवड्यातून दोनदा पुरतो, मात्र त्या दोन वेळा तपासणी, नवा व्यायाम आणि वजन वाढवणं यांसाठी हव्यात. गरम शेक, आयएफटी (दुखणं कमी करणारा करंट) आणि अल्ट्रासाउंड यांतच सेशन संपत असेल तर पैसे वाया जाताहेत. आठवड्यातले आणखी तीन दिवस जवळच्या व्यायामशाळेत.

भार जास्त झाला की नाही हे गुडघाच सांगतो. व्यायाम करताना दहापैकी तीनपर्यंत दुखणं चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तपासा. पाठीवर झोपा, गुडघा सरळ, मांडी सैल. वाटीच्या आतल्या कडेला जो खळगा असतो तिथून वर मांडीकडे तळहात दोन-तीनदा दाबत सरकवा. खळग्यातलं पाणी वर ढकललं जातं. आता बाहेरच्या बाजूने मांडीवरून खाली गुडघ्याकडे एकदा हात फिरवा. खळग्यात बारीक लाट परत दिसली तर थोडं पाणी आहे. हात न फिरवताच खळगा आपोआप भरला तर बरंच आहे. काहीच हललं नाही तर गुडघा कोरडा. कालपेक्षा पाणी वाढलं असेल तर वजन आणि फेऱ्या कमी करा, व्यायाम पूर्ण बंद करू नका. गुडघ्यातलं पाणी कमी करायला गोळी घेऊन व्यायाम तसाच रेटणं हा सगळ्यात वाईट उपाय.

खाण्यात प्रथिनं वजनाच्या किलोमागे १.६ ते २ ग्रॅम. ७० किलोच्या माणसाला ११० ते १४० ग्रॅम. अंड्यात सहा, १०० ग्रॅम बांगड्यात सुमारे वीस, १०० ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, वाटीभर उसळीत सात-आठ. वडापाव आणि कटिंगवर हा आकडा गाठला जात नाही. शाकाहारी असाल तर व्हे पावडर घ्यायला हरकत नाही.

एक बिघाड या काळातला. दोन-तीन महिन्यांनी सरळ होणारा गुडघा पुन्हा शेवटच्या काही अंशांत अडू लागला, पुढे दुखतं आणि सरळ करताना ‘खट’ होतं, तर ग्राफ्टच्या पुढे व्रणाची गाठ झालेली असू शकते. ती जोर देऊन जात नाही. एमआरआय करून, गरज पडल्यास दुर्बिणीने काढावी लागते. फिजिओच्या हातून महिनाभर दाबून घेत बसू नका.

तिसरा ते सहावा महिना: इथेच तुटतो

तीन महिन्यांनी दुखत नाही, जिना पळत चढता येतो, लोक म्हणतात काही झालंच नव्हतं. आतली गोष्ट वेगळी असते. बसवलेली शीर रक्तपुरवठ्याशिवायची असते. शरीर तिच्यात नव्या रक्तवाहिन्या आणि पेशी घालून हळूहळू लिगामेंट घडवतं, आणि या घडामोडीत ती आधी कमजोर होते. पहिल्या तीन महिन्यांत ती बसवल्या दिवसापेक्षाही नाजूक झालेली असते आणि पुढे वर्षभर, त्याहूनही जास्त काळ, भरत राहते. दुखणं आणि मजबुती यांचा संबंध इथे तुटलेला असतो. म्हणून दहीहंडीचा थर, विसर्जनातला नाच, बिल्डिंगखालचं बॉक्स क्रिकेट, ‘नुसता हात लावून येतो’ म्हणून केलेली एक चढाई, सगळं बंद. ग्राफ्ट तोडायला जोराची पकड लागत नाही. ओल्या लादीवर पाय रोवून वळलात तरी पुरे.

धावणं साधारण चौथ्या महिन्यापासून, तेही अटींवर: गुडघा कोरडा, पूर्ण सरळ, वाकणं दुसऱ्याच्या जवळपास, मांडीची ताकद डाव्याच्या किमान ७० टक्के, एका पायावर दहा स्क्वाट गुडघा आत न झुकवता. शिवाजी पार्कच्या मातीवर किंवा प्रियदर्शिनी पार्कच्या सिंथेटिक ट्रॅकवर सुरुवात करा. वरळी सी फेसच्या कडक फरशीवर नको. एक मिनिट धावणं, एक मिनिट चालणं, आठ-दहा वेळा, दिवसाआड. पावसाळ्यात ट्रेडमिल. सरळ धावणं जमलं की दोन्ही पायांच्या उड्या, मग एका पायाच्या, मग हळू वळणं, मग जोरात वळणं. प्रत्येक पायरीवर दोन आठवडे तरी.

मॅटवर परत

नॉर्वेमधल्या २०१६ च्या एका अभ्यासात नवव्या महिन्यापर्यंत परतणं जितके महिने लांबलं, तितक्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापतीचं प्रमाण निम्म्याने घटलेलं दिसलं. दुसरीकडे, २५ वर्षांखालच्या आणि खेळात परतलेल्यांत साधारण चौघांपैकी एकाला त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्याची दुखापत पुन्हा होते. निवडचाचणी पुढच्या वर्षीही असते, हे प्रशिक्षकांना आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे सातव्या महिन्यात दबाव येणार नाही.

नवव्या महिन्यानंतर चाचण्या. लेग एक्स्टेन्शनची ताकद ऑपरेशनपूर्वीच्या डाव्याच्या ९० टक्के तरी. मोठ्या रुग्णालयात आयसोकायनेटिक मशीन (ठरावीक वेगाने पाय हलवून ताकद मोजणारं) असेल तर त्यावर मोजलेली सगळ्यात विश्वासार्ह. एका पायावर लांब उडी, सलग तीन उड्या, रेषा ओलांडत तीन उड्या आणि सहा मीटर एका पायावर वेळेत; चारही डाव्याच्या ९० टक्क्यांवर. एका पायावर खुर्चीतून उठणं वीस-बावीस वेळा, दोन्ही पायांनी. उड्यांचा व्हिडिओ काढा. अंतर सारखं असूनही उतरताना गुडघा वाकतच नसेल आणि सगळा भार कमरेने झेलला असेल, तर आकडा फसवा आहे. मनाचीही तपासणी होते. एसीएल-आरएसआय नावाची प्रश्नावली फिजिओकडे मागा. पकडीची भीती अजून असेल तर पाय अर्धा राहतो, आणि अर्धा टाकलेला पायच अडकतो.

मग क्रमाने. पहिले दोन-तीन आठवडे रिकाम्या मॅटवर पदलालित्य, निदान रेषेपर्यंत जाणं, बोनस, हाताचा स्पर्श. त्यानंतर किक आणि मागे वळणं. मग ठरवून केलेल्या पकडी, ओळखीच्या साथीदाराबरोबर, अर्ध्या जोराने: आधी ब्लॉक, मग कमरेची पकड, मांडीची पकड. घोट्याची पकड सगळ्यात शेवटी, कारण पाऊल मॅटवर किंवा कोपरारक्षकाच्या हातात अडकलेलं आणि धड मध्यरेषेकडे वळलेलं, हीच तुमच्या गुडघ्याची मूळ दुखापत. घोटा सापडला की ताठ पायावर पिळवटत उभं राहायचं नाही. गुडघे वाकवून, शरीर खाली घेत मध्यरेषेकडे झेपावायचं. हे आधी सावकाश शंभरदा करून अंगात भिनलं पाहिजे, सामन्यात विचार करायला वेळ नसतो. मॅटच्या बुटांची पकड फार चिकट असेल तर पाऊल वळतच नाही. नवे बूट घेतलेत तर सरावात आधी घासू द्या. हनुमान उडी त्या मोसमात विसरा.

पूर्ण संपर्काचा सराव महिना-दीड महिना झाला की सामना. पहिले काही सामने बदली खेळाडू म्हणून, एका हाफपुरते, कारण थकलेली मांडी गुडघा सांभाळत नाही. लेग एक्स्टेन्शन, मांडीमागच्या स्नायूसाठी नॉर्डिक (गुडघ्यांवर बसून, घोटे कुणीतरी धरून, शरीर हळूहळू पुढे झुकवणं) आणि एका पायावरच्या उड्या मोसम चालू असतानाही आठवड्यातून दोनदा ठेवा, दोन्ही पायांना. पुन्हा होणाऱ्या दुखापतींत दुसऱ्या गुडघ्याचा वाटाही मोठा असतो.